दिगंबरकाकांच्या नावापुढची ओळ

“तळवटकर कुळातील एकही व्यक्ती या संकेतस्थळावरून निसटलेली नाही, आणि यापुढेही निसटणार नाही,” अण्णा म्हणाले. मी टाइप केलं.

“शेवटी उद्गारचिन्ह दे.”

“वाक्य पुरेसं ठाम आहे, अण्णा.”

“ठाम आहे, पण उभं राहत नाही. उद्गारचिन्हाने उभं राहील.”

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. काय उभं राहतं आणि काय बसतं यावर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी उद्गारचिन्ह दिलं.

ही २०११च्या डिसेंबरातली गोष्ट. शुक्रवारची सकाळ होती आणि रविवारी सांगलीतल्या एका मंगल कार्यालयात आमच्या कुळाचं संमेलन होतं. त्यात कुलवृत्तांताच्या वेबसाइटचं उद्घाटन व्हायचं होतं. कुलवृत्तांत म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी तो नाही त्यांना सांगायला हवं. एका कुळातले सगळे पुरुष, त्यांच्या बायका, त्यांची मुलं, कोण कधी जन्मलं, कोणाचं लग्न कोणाशी झालं आणि कोण कधी वारलं, एवढंच लिहिलेला जाडजूड ग्रंथ. त्यात कथानक नसतं, पात्रं मात्र भरपूर. आमचा १९६८ साली निघाला होता. लोक त्यात आपलं नाव बघतात आणि फळीवर परत ठेवतात. तो वेबवर आणायचा ही कुलमंडळाचे कार्यवाह म्हणून अण्णांची कल्पना, आणि पुण्यात वेबसाइटी करून पोट भरणारा एकमेव तळवटकर म्हणून ते काम माझ्याकडे. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येत होतं.

नोंदी भरल्या होत्या कुमुदकाकूंनी. काकू मिरजेच्या, सत्तर वर्षांच्या, मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. मी त्यांना एक नमुना नोंद दिली होती. नाव, जन्म, विवाह, निधन, अशा चार ओळी. माणूस जिवंत असेल तर ‘निधन’पुढे ‘नाही’ लिहायचं, गेला असेल तर तारीख, आणि तारीख सापडली नाही तर ‘अज्ञात’. या हिशेबाने काकूंनी आठ महिन्यांत अठराशे सत्तेचाळीस माणसं भरली. मूळपुरुष बाळंभटांपासून परवा बारशाला नाव ठेवलेल्या कियानपर्यंत.

“आता शाखा चार दाखव,” अण्णा म्हणाले. शाखा चार म्हणजे त्यांची स्वतःची.

मी शाखा चारवर टिचकी मारली. पान उघडलं आणि पांढरं राहिलं.

“हे काय?”

“पान.”

“ते दिसतंय. माणसं कुठे गेली?”

शाखा चारमध्ये दोनशे बारा माणसं होती. पानावर त्यांच्यातलं कोणीच नव्हतं. तळाशी बारीक अक्षरात इंग्रजी ओळ होती, की ‘अनडिफाइन्ड’मधली तारीख वाचता येत नाही.

“हा अनडिफाइन्ड कोण?” अण्णांनी चष्मा वर केला.

“असेल कोणीतरी शाखा चारमधला.”

हे मला समजावून सांगावं लागलं. वेबसाइटवर प्रत्येक माणसाचं पान वेगळं लिहीत नाहीत. एक साचा असतो. साच्यात मी लिहिलं होतं: माणसाचं नाव छाप, मग ‘निधन’ उघड, त्यातली तारीख काढ आणि छाप, ‘नाही’ असेल तर ‘हयात’ छाप. आता एखाद्याच्या नोंदीत ‘निधन’ ही ओळच नसली, तर साचा जी वस्तू नाही तिच्या आत हात घालतो.

“आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार,” अण्णा म्हणाले.

“तेच. फक्त पोहरा रिकामा येत नाही. रहाट मोडतो, आणि मागे उभ्या असलेल्या दोनशे अकरा माणसांनाही पाणी मिळत नाही.”

“एका माणसापायी सबंध शाखा?”

“साचा तसा लिहिलाय.”

“कोणी लिहिला?”

मी नोंदी चाळायला लागलो. माणूस पाच मिनिटांत सापडला. नोंद क्रमांक अकराशे अडतीस. दिगंबर विनायक तळवटकर. जन्म १९३५. विवाह मे १९६१, कुमुदिनी. पुढची ओळ नव्हती.

अण्णा खुर्चीत मागे रेलले. दिगंबर त्यांचा थोरला चुलतभाऊ, आणि कुमुदकाकू त्यांची वहिनी.

“दिगंबरदादाचं तुला माहीत असेल.”

मला जेवढं सगळ्यांना माहीत होतं तेवढं माहीत होतं. १९७४ साली एका मंगळवारी दिगंबरकाका सायकलचं पंक्चर काढायला बाहेर पडले. सायकल दुरुस्त होऊन घरी आली. काका आले नाहीत. पोलिसांत खबर गेली, वर्तमानपत्रात फोटो आला, नरसोबाच्या वाडीपासून काशीपर्यंत माणसं पाठवून झाली. काकूंनी ती सायकल विकून लेडीज सायकल घेतली आणि पुढची पंचवीस वर्षं त्या तिच्यावरून शाळेत गेल्या.

“वहिनींच्या हातून राहिली असेल,” अण्णा आवाज खाली आणत म्हणाले. “एवढ्या नोंदी भरल्या, एखादी ओळ सुटणारच. आणि ही ओळ सुटली तर आपण काय बोलणार? तू तुझ्याकडून काय ते कर. त्यांना फोन करू नकोस.”

मी माझ्याकडून काय ते केलं. असल्या प्रसंगी धंद्यातली रीत ठरलेली असते. एखादी गोष्ट नसेल तर तिच्या जागी काय समजायचं, ते साच्याला आधीच सांगून ठेवायचं. मी लिहिलं: ‘निधन’ नसेल तर ‘हयात’. चार शब्द, एक मिनिट. माणसाबद्दल काही ठाऊक नसेल तर तो जिवंत आहे असं धरावं, यात कोणाला आक्षेप असेल असं मला वाटलं नाही. शाखा चार उघडली. दोनशे बाराच्या दोनशे बारा माणसं आली. “शाबास,” अण्णा म्हणाले, आणि काकूंनी, म्हणजे अण्णांच्या सौभाग्यवतींनी, आम्हा दोघांना शिरा दिला.

दुपारी अण्णांना कार्यक्रमपत्रिकेसाठी यादी हवी होती. संमेलनात लग्नाला पन्नास वर्षं झालेल्या जोडप्यांचा सत्कार असे. दोघांना शाल, श्रीफळ, आणि दोघांनी एकमेकांना पुन्हा हार घालायचे. पूर्वी ही यादी अण्णा वही घेऊन बोटं मोजत करत. मी साइटवर एक बटण ठेवलं होतं. ते दाबलं की ज्यांच्या विवाहाला पन्नास वर्षं झाली आहेत आणि जे दोघेही हयात आहेत त्यांची नावं आपोआप, श्री. आणि सौ. लावून, सुबक चौकटीत. मला त्या बटणाचा अभिमान होता. अण्णांनी स्वतः दाबलं, कागद प्रिंटरमधून घेतला आणि तसाच पेन ड्राइव्हसकट प्रेसमध्ये दिला. वाचला दोघांनीही नाही. यंत्राने केलेली यादी कोण वाचतो?

शनिवारी सकाळी पोहे खाताना मी पत्रिका वाचली.

“अण्णा,” मी म्हटलं, “जोडपी किती सांगितली होती तुम्ही?”

“सहा. भाऊसाहेब, कोल्हापूरचे दोघं, नागपूरचे...”

“सात आहेत.”

“सातवं कोण?”

मी पत्रिका फिरवून त्यांच्यासमोर ठेवली. क्रमांक पाच. श्री. दिगंबर व सौ. कुमुदिनी तळवटकर, मिरज.

अण्णांनी ते दोनदा वाचलं. हातातला चमचा पोह्यात उभा राहिला.

“मिरजेच्या सहा घरांच्या पत्रिका मी काल संध्याकाळीच पाठवल्या,” ते म्हणाले. “त्यात वहिनींची होती.”

आम्ही अण्णांच्या मारुतीतून मिरजेला निघालो. दहा किलोमीटर. अर्धा रस्ता अण्णा एकेक खड्डा चुकवत राहिले. मग म्हणाले, “सदतीस वर्षं त्या बाईने मान खाली घातली नाही. आणि आपण काय केलं? तिला हार घेऊन स्टेजवर बोलावलं. समोर कोण उभं राहणार?”

“अजून पत्रिका बदलता येईल.”

“चारशे छापून झाल्या.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “त्यांना संमेलनाला येणं नको होईल, बघ. आणि त्यांनीच सगळ्या नोंदी भरल्यात.”

मला दुसरंच काही सुचत होतं. मूळपुरुष बाळंभटांचं निधन कधी झालं हे कोणालाच माहीत नाही. त्यांच्या नोंदीत काकूंनी ‘निधन: अज्ञात’ लिहिलं होतं. त्यांच्या चारही मुलांपुढे तसंच. अठराशे सत्तेचाळीस माणसांत ओळ गाळलेला माणूस एकच होता, आणि तो भरणाऱ्या बाईंचा नवरा होता.

काकूंनी दार उघडलं. एका हातात पत्रिका, दुसऱ्या हातात चष्मा.

“या,” त्या म्हणाल्या. “यांना घेऊन आलात? की कार्यालयात परस्पर आणणार आहात?”

“वहिनी, चूक झाली.”

“बसा आधी. कोणाची?”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

“कॉम्प्युटरची,” मी म्हटलं.

“कॉम्प्युटर चुकत नाही, हृषी. आठ महिने मी त्याच्यासमोर बसले आहे. बिचारा सांगितलं तेवढंच करतो, तुझ्या काकांपेक्षा बरा. तू त्याला काय सांगितलंस?”

“‘निधन’ नसेल तर ‘हयात’ समज.”

“असं का?”

“सुरक्षित वाटलं.”

“कोणाला?”

काकू स्वयंपाकघरात जाऊन तीन कप चहा घेऊन आल्या. माफी मागायला आलेल्या माणसाला चहा दिला की त्याचं अर्धं बोलणं त्यातच बुडतं, हे त्यांना ठाऊक असावं. अण्णांचं बुडालं नाही.

“वहिनी, मी स्पष्ट बोलू का? हा प्रश्न कधीतरी निकालात काढायलाच हवा. सात वर्षं माणूस आला नाही की सरकार मानतं. बारा वर्षांनी शास्त्र मानतं. सदतीस झाली. आज ‘दिवंगत’ लिहून टाकू, म्हणजे यादीतून आपोआप...”

“शहाऐंशी साली आला होतात तुम्ही. बारा वर्षं पुरी झाल्यावर. भटजींना घेऊन.”

“रीत आहे ती. माणूस मिळाला नाही की दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे पुढचे दिवस करता येतात. मी काही मनाचं...”

“पुतळा पिशवीत घालून आणला होतात. रेशनच्या.”

“दुसरी पिशवी नव्हती.”

“भटजींना मी चहा दिला. पुतळा परत पाठवला. त्याचं पुढे काय केलंत, मी कधी विचारलं नाही.”

अण्णा कपाकडे बघत म्हणाले, “कृष्णेत सोडला.”

“अग्नी न देता?”

“तुम्ही नको म्हणालात ना.”

काकू हसल्या. पदर तोंडाशी न नेता, चांगल्या मोकळ्या. अण्णा नाही हसले.

“निदान ‘अज्ञात’ तरी लिहू या,” ते म्हणाले. “रकाना रिकामा नको, वहिनी. उद्या तीनशे माणसं मोठ्या पडद्यावर बघणार. रिकामा रकाना दिसला की मनुष्य विचारतो. माझं एवढंच म्हणणं...”

त्यांचा मोबाइल वाजला. कार्यालयाचा आचारी होता, आणि काकूंच्या घरात रेंज येत नसे. अण्णा “हॅलो, हॅलो” करत जिना उतरून खाली गेले. जिलेबीचा काहीतरी वाद होता. त्यांचा आवाज खालून येत राहिला.

“काकू,” मी म्हटलं, “ओळ राहिली नव्हती ना?”

“कधी कळलं तुला?”

“आत्ता. गाडीत. बाळंभटांना ‘अज्ञात’ लिहिणारी बाई आपल्या घरातल्या माणसाची ओळ विसरणार नाही.”

“गणितात बरा असशील.”

“मग ‘अज्ञात’ का नाही लिहिलंत?”

“कारण खोटं झालं असतं,” काकू म्हणाल्या. “अज्ञात म्हणजे कोणालाच ठाऊक नाही. मला थोडं ठाऊक आहे.”

पुढचं त्यांनी सांगितलं ते मी चौदा वर्षं कोणाला सांगितलं नाही. अण्णा आता नाहीत. काकूंची परवानगी आहे. अट एकच, त्या जे बोलल्या ते तसंच लिहायचं आणि मधे रडायला लावायचं नाही.

“एक्याऐंशी साली नववीच्या मुलींची सहल घेऊन बदामीला गेले होते. परत येताना गदगला नाश्त्याला थांबलो. स्टँडसमोर हॉटेल होतं, बरं चाललेलं. बेचाळीस मुली बसल्या, इडल्या आल्या, चटणी पुरेना. मी गल्ल्यापाशी गेले. ‘थोडी चटणी द्या’ म्हटलं. गल्ल्यावरच्या माणसाने वर बघितलं.”

“काका?”

“जाड झाले होते. मिशी ठेवली होती. ती त्यांना शोभत नव्हती.”

“मग?”

“मग काय? ‘चटणी संपलीये,’ म्हणाले.”

मी खुर्ची पुढे ओढली.

“सात वर्षांनी पहिलं वाक्य. मराठीत बोलले एवढीच काय ती ओळख. तेवढ्यात आतून एका बाईने हाक मारली. ‘री’ म्हणून. मिरजेत राहून एवढं कानडी येतंच. ‘री’ म्हणजे आपलं ‘अहो’.” त्यांनी कप खाली ठेवला. “दोन मुलं होती. एक गल्ल्याखाली बसून पाटीवर अक्षरं गिरवत होतं. वळण चांगलं होतं. मी मुलींना म्हटलं, चला, चटणीवाचून खा, पुढे गाडी गाठायची आहे.”

“तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत?”

“कोणाला सांगू? अण्णांना? अण्णांनी मिनीबस केली असती. दहा तळवटकर भरून, हार घेऊन गदगला. त्यांना उचलून आणलं असतं आणि माझ्या दारात ठेवलं असतं, जसा तो पुतळा ठेवला होता. आणि त्या बाईने दोन मुलं घेऊन कुठे जायचं?”

खालून अण्णा म्हणत होते, “मठ्ठा वेगळा! मठ्ठा जिलेबीत धरलेला नाही!”

“आणि दुसरं,” काकू म्हणाल्या. “माझ्याकडे बघ. मला हळदीकुंकवाला बोलावतात. मंगळागौरीला पहिला मान माझा. आणि संध्याकाळी भाजी कसली करू, हे मला गेल्या सदतीस वर्षांत कोणाला विचारावं लागलेलं नाही. सवाष्णीचा मान आणि विधवेची मोकळीक. तळवटकरांच्या अकरा पिढ्या मी टाइप केल्या, हृषी. असं स्थान दुसऱ्या बाईला मिळालेलं नाही. ते मी तुझ्या चार शब्दांपायी घालवणार नाही.”

“आता ते आहेत का?”

“गदगला? माहीत नाही. एक्याऐंशीनंतर मी गेले नाही. शहात्तर वर्षांचे असतील, असले तर. म्हणून ‘नाही’ लिहिता येत नाही आणि तारीखही लिहिता येत नाही. ‘हयात’ छापलंस तर लोक आणायला जातील. ‘दिवंगत’ छापलंस तर माझ्याकडे भेटायला येतील, डबे घेऊन. नुसता रकाना रिकामा ठेवलास तर अण्णा दर महिन्याला ‘भरायचं राहिलंय’ म्हणून फोन करतील. ओळच नसली तर कोणी काही विचारत नाही. म्हणून मी ओळ पुसली. मला वाटलं, तुझा साचा तेवढा शहाणा असेल.”

“नव्हता.”

“तो बघ कोपऱ्यात कॉम्प्युटर. अण्णा वर यायच्या आत कर.”

मी बसलो. ‘नसेल तर हयात’ खोडलं. त्याजागी साच्याने आधी एक प्रश्न विचारायचा: या नोंदीत ‘निधन’ नावाची ओळ आहे का? असेल तर उघड, वाच, छाप. नसेल तर काही समजू नकोस, काही छापू नकोस, ‘निधन’ हा शब्दसुद्धा नाही. पुढच्या माणसाकडे जा. पन्नास वर्षांच्या यादीलाही तोच प्रश्न लावला, आणि श्री.-सौ. लावणाऱ्या तुकड्यालाही. हे धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. मी पहिल्या वर्षी शिकलो होतो आणि सातव्या वर्षापर्यंत विसरलो होतो.

शाखा चार उघडली. दिगंबर विनायक, जन्म १९३५, विवाह १९६१, कुमुदिनी. त्याखाली सरळ धाकट्या भावाची नोंद. खाली फट नाही, रेघ नाही, काही गाळलंय असं वाटायला जागा नाही. यादी केली. सहा जोडपी.

काकूंनी माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं. “आता बरोबर,” म्हणाल्या. शाळेत म्हणत असतील तशा.

अण्णा वर आले. त्यांनीही चष्मा लावून पान बघितलं.

“दादाचा रकाना रिकामा राहिला.”

“रिकामा नाही, अण्णा. रकानाच नाही.”

“फरक काय?”

“रिकामा असता तर भरता आला असता.”

अण्णांनी पडद्यावरच्या नोंदीवर बोट टेकवलं. मला वाटलं, आता ते भांडणार. मग त्यांनी काकूंकडे बघितलं. काकू शांतपणे कप गोळा करत होत्या. अण्णांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

“हा नियम फक्त दादासाठी?”

“सगळ्यांसाठी. ज्याच्या नोंदीत ओळ नाही त्याच्याबद्दल पान बोलणार नाही.”

“पण असा माणूस एकच आहे.”

“सध्या.”

“हं,” अण्णा म्हणाले. “नियम सगळ्यांसाठी असेल तर माझी हरकत नाही.” सरकारी नोकरीत त्यांची तीस वर्षं गेली होती. “वहिनी, पत्रिका छापून गेल्या, त्याला इलाज नाही. निवेदन करणाऱ्या मुलीच्या पत्रिकेवर मी स्वतः क्रमांक पाचवर काट मारतो. नाव पुकारलं जाणार नाही. तुम्ही या मात्र.”

“मी येणारच आहे,” काकू म्हणाल्या. “जिलेबी आहे ना?”

रविवारी तीनशे माणसं आली. वेबसाइटचं उद्घाटन झालं, अण्णांचं उद्गारचिन्हासकट वाक्य पडद्यावर आलं, टाळ्या पडल्या, आणि लगेच सगळ्यांनी माझ्याभोवती गर्दी केली, कारण प्रत्येकाला फक्त स्वतःचं नाव बघायचं होतं. मग सत्कार सुरू झाले. निवेदन करायला मृण्मयी होती, शाखा दोनची, आवाज खणखणीत. अण्णांनी तिच्या पत्रिकेवर लाल पेनने काट मारली होती, मी पाहिली होती. ती पत्रिका तिने चहाच्या टेबलावर ठेवली आणि स्टेजवर जाताना गठ्ठ्यातली दुसरी, कोरी उचलली.

क्रमांक चारचे नागपूरचे आजी-आजोबा एकमेकांना हार घालून उतरले आणि मृण्मयी म्हणाली:

“आता पाचवं दांपत्य. श्री. दिगंबर व सौ. कुमुदिनी तळवटकर, मिरज! जोरदार टाळ्या!”

तरुण मंडळींनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना माहीत होतं त्यांचे हात मांडीवरच राहिले. माझ्या शेजारी अण्णा उठून उभे राहिले आणि त्यांना पुढे काय करायचं ते सुचेना. मृण्मयीला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून तिने नावं पुन्हा वाचली.

तिसऱ्या रांगेतून काकू उठल्या. मोरपंखी साडी होती. घाई न करता पायऱ्या चढल्या. स्टेजवर दोन तबकं ठेवलेली होती. अध्यक्षांनी एक हार त्यांच्या हातात दिला आणि दुसरा कोणाला द्यावा म्हणून इकडेतिकडे बघू लागले. एवढ्या माणसांचं कार्यालय, पण बाहेर आचारी झारा आपटत होता तो ऐकू येत होता.

मागच्या रांगेतून कोणीतरी पोरसवदा आवाजात विचारलं, “काका कुठेत?”

काकूंनी मृण्मयीच्या हातातून माइक घेतला.

“इथे नाहीत,” त्या म्हणाल्या.

शाळेत हजेरी घेताना गैरहजर मुलीबद्दल सांगावं, तसं. आवाजात वर-खाली काही नाही. पुढे काही येईल म्हणून सगळे थांबले होते. काही आलं नाही. काकूंनी हातातला हार स्वतःच्या गळ्यात घातला. अध्यक्षांनी शाल दिली, ती घेतली. दुसरी अध्यक्षांच्या हातात तशीच होती, तीही घेतली. दोन्ही नारळ पिशवीत टाकले. पिशवी त्या घरून घेऊनच आल्या होत्या. मग माइक परत देत मृण्मयीला म्हणाल्या, “बाळ, सहा नंबर. कोल्हापूरची मंडळी खोळंबलीत.”

टाळ्या पहिल्यांदा बायकांच्या बाजूने सुरू झाल्या. सगळ्यांत शेवटपर्यंत अण्णा वाजवत होते.

जेवताना कोणी काकूंना काही विचारलं नाही. दोघी-तिघींनी विचारायचं ठरवलं होतं, असं मला नंतर कळलं. पण पंगतीत काकू स्वतः वाढायला लागल्या, आणि वाढणाऱ्याला प्रश्न विचारता येत नाहीत. मला त्यांनी चार जिलेब्या वाढल्या. नको म्हणण्याची सोय नव्हती.

साइट पुढे सहा वर्षं चालली. मी रोज नाही, पण अधूनमधून किती लोक कुठलं पान बघतात ते पाहत असे. दिगंबरकाकांचं स्वतंत्र पान त्या सहा वर्षांत तेवीस वेळा उघडलं गेलं. त्यातल्या एकोणीस वेळा मीच, साचा तपासायला. उरलेली चार वेळा एका सर्च इंजिनचं यंत्र येऊन गेलं होतं.